कुत्र्याचे खाणे अन्न नव्हे काय?

पितृपक्षात आपल्या घरी पंचबळी निघतात. गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी यांची पाच पाने. बऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून कितीतरी रीती विरल्या, बोलण्यात निमाडी-हिंदीची सरमिसळ झाली. तरी हे पाच घास बहुतेक घरी अजून निघतात. कुत्र्यासाठी त्या दिवशी निराळा स्वयंपाक होत नाही. ज्या पातेल्यातून पितरांचे पान वाढले जाते त्याच पातेल्यातून त्याचाही घास निघतो. गेल्या भाद्रपदात हा घास अंगणात ठेवताना आमच्या घरात कोणीच काही बोलले नाही, कारण तो दरवर्षी खाणारा मोती पंधरा दिवसांपूर्वीच गेला होता.

घरच्या कुत्र्याचा मृत्यू हा मासिकाच्या पानावर मांडण्याचा विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. पण त्याच्या जाण्याच्या निमित्ताने आम्हांस जे कळले, किंवा खरे म्हणजे जे कळू शकले नाही, ते कुत्रा-मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराशी आणि थोडे पुढे जाऊन पाहिले तर न पाळणाऱ्या घराशीही निगडित आहे. म्हणून हे लिहिणे.

मोती नऊ वर्षे ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर वाढला. दोन वर्षांपूर्वी घरातील तरुण मंडळींनी पुण्याहून तयार दाणेदार खाण्याची एक थैली आणली. सोय मोठी होती. रांधणे नाही, खरकटे नाही, आणि मोतीलाही ते आवडले. थैली संपल्यावर गावातल्याच एका दुकानातून ते खाणे किलोच्या भावाने सुटे येऊ लागले. दुकानदार वीस किलोचे पोते उघडून ठेवतो आणि मागेल तितके कागदी पुड्यात बांधून देतो, जशी आपण डाळ आणतो तसेच. श्रावणात तापीला पूर आला, आठ-दहा दिवस उन्हाचे दर्शन नव्हते. त्या सुमारास मोतीने ताटली हुंगून तोंड फिरवावयास सुरुवात केली. आम्ही ते लाड समजलो आणि दाण्यांवर थोडे दूध घालून त्याला खाऊ घातले. ही आमची चूक आज सांगताना संकोच वाटतो. पुढे ओकाऱ्या झाल्या, मग हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या. पशुवैद्यांनी यकृताचा विकार सांगितला, सलाईन लावली, औषधे दिली, आणि पहिल्याच दिवशी विचारले, 'हा खातो काय?' आम्ही पुडा नेऊन दाखविला. त्यांनी तो नाकाशी धरला. तेलाचा खवट वास येत होता. नवव्या दिवशी मोती गेला.

त्या खाण्यानेच तो गेला असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. यकृत बिघडण्यास इतर कारणेही असतात, आणि वयही झाले होते. पण त्या खाण्याने तो गेला नाही असेही कोणी आम्हांस सांगू शकले नाही. कारण ते तपासलेच गेले नाही. पुड्यावर नाव नव्हते, पोते केव्हाच रिकामे होऊन गेले होते. आम्ही एका कार्यालयात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी बसावयास खुर्ची दिली, सर्व ऐकून घेतले, आणि सौजन्याने सांगितले की माणसाच्या खाण्याची तक्रार असती तर त्यांनी नमुना घेतला असता. हे त्यांच्या कक्षेत येत नाही.

घरी येऊन आम्ही कायदा काढून पाहिला. अधिकाऱ्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात अन्न म्हणजे माणसाने खाण्यापिण्याचा पदार्थ, अशीच व्याख्या होती. तो जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमात अन्नाची व्याख्या लांबरुंद केली आहे. च्युइंग गम आणि बाटलीतले पाणीसुद्धा तीत बसविले आहे. आणि तिथेच पशुखाद्य मात्र नाव घेऊन वगळले आहे. म्हणजे विसरून राहिलेले नाही, विचारपूर्वक दाराबाहेर ठेवलेले आहे.

मग त्याचे काहीच नियमन नाही काय? आहे, पण ते असे. भारतीय मानक ब्यूरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक तयार केले आहे, त्याचा क्रमांक ११९६८. ते पाळणे ऐच्छिक ठेवले आहे. ज्या कारखानदाराला हवे त्याने पाळावे. परदेशातून येणाऱ्या अशा खाद्याला १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली परवाना लागतो. त्याचा रोख बाहेरचे रोग बंदरावर अडविण्याकडे आहे, दुकानातील उघड्या पोत्याकडे नाही. बंद थैलीवर उत्पादकाचे नाव, वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापली पाहिजे, हे वजनमापाच्या नियमांनी सांगितले आहे. पण थैली उघडून पुडा बांधला की छापलेले सर्व थैलीपाशीच राहते. आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा किरकोळ विक्रीच्या कुत्रा-मांजर खाद्यावर १८ टक्के कर बसला, गुरांच्या पेंडीला मात्र माफी मिळाली. थोडक्यात, कर घेण्यापुरते हे खाद्य शासनाला स्पष्ट दिसते.

कोणी म्हणेल, ठीकच आहे. माणसाच्या अन्नाची तपासणी धड होत नाही, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप आम्हांस आमच्याच आप्तांकडून ऐकावा लागला. त्याला आमचे उत्तर दयेचे नाही, अनुभवाचे आहे. आणि तो अनुभव आपल्या निमाडापासून फार दूरचाही नाही.

१९७४ सालच्या पावसाळ्यानंतर राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक गावांत एक विचित्र आजार पसरला. कावीळ होई, पोटात पाणी साठे, आणि माणसे दगावत. अवेळी पडलेल्या पावसात मका भिजला होता, तो नीट न वाळता घरात साठविला गेला, आणि गरीब आदिवासी कुटुंबांना दुसरे धान्य नसल्याने बुरसलेला मकाच आठवडेच्या आठवडे खावा लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ मृत्यू पावले. मक्यात ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष सापडले, किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम इतके. या साथीच्या वृत्तांतात एक नोंद अशी आहे की, ती वाचून आम्ही पान उलटू शकलो नाही: माणसे आजारी पडू लागण्यापूर्वी त्या गावांतली कुत्री याच लक्षणांनी मरू लागली होती. कुत्री घरचीच भाकर खात होती. कुत्र्याचे यकृत या विषाला फार लवकर बळी पडते. गावात वर्दी आधी पोचली होती. ती कोणी वाचली नाही, एवढेच.

हे विष म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मका, भुईमूग, सरकी यांवर उष्ण आणि दमट हवेत एक पिवळट-हिरवी बुरशी चढते, ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्याच नावावरून विषाला ॲफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी अकस्मात मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती, आणि तिच्या तपासातून हे विष प्रथम जगाला कळले. म्हणजे याची ओळखसुद्धा माणसाला जनावराच्या खाद्यातूनच झाली. बुरशी पुसून काढली तरी विष दाण्यात राहते. दळून, भाजून, शिजवून ते नष्ट होत नाही. कारखान्यातल्या भट्टीतूनही ते बरेचसे तसेच बाहेर पडते. अमेरिकेत कुत्र्यांच्या खाद्यासाठी याची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम धरतात. वीस किलोच्या सबंध पोत्यात हे ०.४ मिलिग्रॅम झाले, मोहरीच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कमी. ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. आमच्या पुड्याला आलेला वास तेलाचा होता, विषाचा नव्हे. खाणे जुने आणि ओलसर झाल्याची ती खूण होती, एवढेच म्हणता येईल. आणि तयार खाण्यातला एक मुख्य घटक मकाच असतो.

गुरांच्या बाबतीत शासनाचे डोळे थोडे उघडले, त्याची कथा बोलकी आहे. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. पाणी, युरिया, साबण यांची भीती होती. त्याऐवजी चिंतेची गोष्ट निघाली ती ही की ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिनचे दुधात उतरणारे रूप मर्यादेहून अधिक होते. गाईने बुरसलेली पेंड खाल्ली की दिवसाभरात ते दुधात उतरते. भेसळ करणारा कोणी लागत नाही. तेव्हा २०१९ च्या अखेरीस प्राधिकरणाने दुभत्या व मांसाच्या जनावरांच्या बाजारी खाद्याने भारतीय मानक पाळावे असा निर्देश काढला. ज्या कायद्याने पशुखाद्य दाराबाहेर ठेवले होते, त्याच कायद्याच्या प्राधिकरणाला ते मागच्या दाराने आत घ्यावे लागले, कारण पेंडीतून दुधात आणि दुधातून बाळाच्या वाटीत असा रस्ता सरळ दिसला. सरकीच्या पेंडीवर गुरे पोसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु कुत्रा दूध देत नाही. म्हणून त्याचे खाणे बाहेरच राहिले.

रस्ता नेहमी दुधातूनच जातो असे नाही. मार्च २००७ मध्ये कॅनडातील मेन्यू फूड्स या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे बाजारातून परत मागविली. मूत्रपिंडे निकामी होऊन जनावरे मरत होती. अमेरिकेत अशा मृत्यूंच्या हजारो तक्रारी आल्या. चीनमधून आणलेल्या गव्हाच्या सत्त्वात मेलामाइन निघाले, ज्याच्या बशा आपल्या घरी आहेत तेच मेलामाइन. ते तेथे का घातले, याचे उत्तर परीक्षेच्या पद्धतीत आहे. खाद्यातील प्रथिने मोजावयाची तर त्यातील नत्र मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश नत्रच असते. चिमूटभर मिसळले की कागदावर प्रथिने वाढतात, पोटात मात्र खडे होतात. आपल्याकडे थैलीवर 'प्रथिने २२ टक्के' असे वाचून आपण समाधान मानतो, तेव्हा त्या आकड्यामागे मांस आहे, सोयाबीन आहे, की आणखी काही, हे तो आकडा सांगत नाही.

याच मेलामाइनने २००४ साली आशियातील कित्येक देशांत हजारो कुत्री दगावली होती. ते खाद्य थायलंडमध्ये तयार झालेले होते. तेव्हा बुरशीच्या विषाला दोष देऊन प्रकरण मिटले. २००७ नंतर जुने नमुने पुन्हा पाहिले तेव्हा खरे कारण कळले. अमेरिकेत त्या खाद्याचा उरलासुरला भाग डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात गेल्याचेही उघड झाले. आणि सप्टेंबर २००८ मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत हेच मेलामाइन सापडले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा मृत्यू पावली. युक्ती तीच, परीक्षेला फसविण्याची रीत तीच, केवळ डबा बदलला. भारताने त्या महिन्यात चिनी दुग्धपदार्थांची आयात बंद केली. दीड वर्ष आधी कुत्री मेली होती तेव्हा दुधाच्या डब्यात कोणी डोकावले असते तर? असा 'तर' इतिहासात चालत नाही, हे कबूल.

केवळ कायदा केला की भागते अशी आमची भाबडी समजूत नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात अन्नाची व्याख्या करताना माणूस आणि 'इतर प्राणी' हे दोघे एकाच वाक्यात बसविले आहेत. तरीही तेथे २००७ घडले, आणि २०२० च्या अखेरीस ॲफ्लाटॉक्सिनयुक्त मक्याच्या खाद्याने शंभराहून अधिक कुत्री मेली. फरक एवढाच की तेथे मेलेल्या कुत्र्याची तक्रार कोणी तरी लिहून घेतो, दोन ठिकाणच्या तक्रारी जुळवून पाहतो, आणि कोणत्या कारखान्यातला कोणता माल परत मागवावयाचा ते काही दिवसांत ठरते. आपल्या येथे मोती गेला तेव्हा आणखी कोणाचा कुत्रा त्याच पोत्यावर होता काय, हे आम्हांस आजही ठाऊक नाही.

आता थोडे आपल्याच घराकडे. कायद्याने कुत्र्याच्या खाण्याला अन्न म्हटले नाही म्हणून रागावणाऱ्या आम्ही स्वतः काय करीत आलो? भाकरीला बुरा आला की 'टाक कुत्र्याला'. आमटी आंबली, 'घाल कुत्र्याला'. पिठात जाळी झाली, ते गाईच्या आंबोणात. पितृपक्षातला एक दिवस सोडला तर वर्षाचे उरलेले दिवस आपली व्याख्या सरकारच्या व्याख्येहून निराळी नव्हती. बाजाराचेही असेच आहे. माणसाला नापसंत झालेले धान्य अखेर खाद्याच्या गिरणीची वाट धरते. तेव्हा घरची भाकर चांगली आणि पिशवीतले वाईट, असा सोपा निवाडा आम्ही देणार नाही. ताज्या, कोरड्या, जबाबदार कारखान्याच्या बंद थैलीतले खाणे बुरसलेल्या भाकरीपेक्षा केव्हाही बरे. घरचे अन्न देताना कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे यांपैकी काही त्याच्या पोटात जाऊ नये, हेही पुष्कळांना माहीत नसते.

ज्यांच्या घरी तयार खाणे येते त्यांना आमची विनंती इतकीच की, पावसाळ्यात तरी सुटे घेऊ नये. लहान का होईना, बंद थैली घ्यावी. महिना पाहून घ्यावी. डब्यात ओतली तरी थैली जपून ठेवावी, कारण तिच्यावर मालाचा घाणा क्रमांक असतो. जुन्या डब्याच्या तळाशी राहिलेल्या भुग्यावर नवे खाणे ओतू नये, डबा धुऊन कडकडीत वाळवावा. रोज आवडीने खाणारे जनावर एकाएकी ताटलीकडे पाठ फिरवू लागले तर दुधाचे आमिष दाखवू नये, आम्ही दाखविले. ओकारी, सुस्ती, पिवळ्या हिरड्या दिसल्यास ते खाणे त्या क्षणी थांबवावे आणि मूठभर पुरावा म्हणून बाजूला बांधून ठेवून पशुवैद्यांकडे जावे. पावती मागावी. कुत्र्याचे खाणे अन्न नसले तरी विकत घेतलेला माल आहेच, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पावती आणि थैली नसेल तर मात्र तेथेही हात हलवीत परत यावे लागेल.

आमच्या डब्यात दीडेक किलो खाणे उरले होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी ते गल्लीतल्या कुत्र्यांना घालू का म्हणून विचारले. चांगले महागाचे आहे, फुकट कशाला घालवायचे, हा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. आम्ही मूठभर पुडीत बांधून ठेवले आणि बाकीचे परसात खड्डा करून पुरले. ती पुडी अजून कपाटात आहे. जिल्हाधिकारी आणि पशुवैद्यकीय विभाग यांच्याकडे एक निवेदन द्यावयाचा विचार आहे. त्यात मागणी एकच, की पाळीव जनावरांच्या बाजारी खाण्याचा संशयित नमुना घेऊन तो तपासावयास पाठविणारे एक ठिकाण या जिल्ह्यात असावे. लालबाग, शनवारा, राजपुरा आणि आसपासच्या गावांतील ज्या वाचकांच्या घरी गेल्या एक-दोन पावसाळ्यांत कुत्रे किंवा मांजर अशाच रीतीने आजारी पडले असेल, त्यांनी महिना, खाण्याचा प्रकार, सुटे की बंद थैलीतले, आणि पशुवैद्यांनी काय सांगितले एवढे चार ओळींत लिहून पाठवावे. दुकानाचे नाव कळविण्याची आवश्यकता नाही.